संगीत नाटकाची बैठक

मराठी संगीत नाटकाविषयी आजवर विपुल लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लेखन पदांच्या चालींविषयी, गायकनटांच्या गळ्याविषयी आणि नाटककारांच्या कथानकांविषयी आहे. प्रेक्षक कोठे बसत होता, तेथून त्याला काय दिसत होते आणि काय ऐकू येत होते, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांनी आठवणींच्या पुस्तकांतील एक गमतीचा भाग म्हणूनच पाहिले. वस्तुतः हा प्रश्न नाट्यप्रकाराच्या स्वरूपाशी निगडित आहे. 'बैठक' या शब्दाला मराठीत तीन अर्थ आहेत : बसण्याची जागा, गाण्याची मैफल आणि एखाद्या गोष्टीचे अधिष्ठान. संगीत नाटकाच्या बाबतीत हे तीनही अर्थ एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि त्यांतील पहिला हलला तेव्हा उरलेले दोनही हलले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. महाराष्ट्राबाहेरील वाचकांना हा इतिहास परिचित असेलच असे नाही. म्हणून आवश्यक तेथे तो थोडक्यात सांगितला आहे.

प्रारंभ भरतापासून करणे हा आपल्याकडे एक शिष्टाचारच होऊन बसला आहे. परंतु येथे त्याला खरोखरच कारण आहे. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात मर्त्यांसाठी जे प्रेक्षागृह योग्य ठरविले आहे ते चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद आहे, आणि याहून मोठे का नको याचे कारणही तेथेच दिले आहे : वास्तू फार मोठी झाली की नटाचे बोलणे विस्कटून ऐकू येते आणि मुखावरील भाव दिसेनासे होतात. म्हणजे प्रेक्षागृहाचे माप हे प्रेक्षकाच्या कानाचे आणि डोळ्याचे माप आहे. याच ग्रंथात वादकवृंदाची जागा नेपथ्यगृहाच्या दोन दारांच्या मध्ये, म्हणजे नटांच्या पाठीमागे आणि प्रेक्षकांच्या नजरेसमोर नेमलेली आहे. गाणे-वाजवणे लपवावयाचे असते, ही कल्पना भरताला ठाऊक नव्हती.

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा त्यांनाही ती ठाऊक नव्हती. त्यांच्या नाटकात सूत्रधार आणि त्याचे साथीदार रंगभूमीच्या एका अंगाला उभे राहून सगळी पदे म्हणत. पात्रे त्या पदांना अनुसरून हावभाव करीत आणि आपल्या पदरची भाषणे करीत. प्रेक्षकाचा कान एकीकडे आणि डोळा दुसरीकडे, अशी ती विभागणी होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतला'चे पहिले चार अंक केले, तेव्हा ही विभागणी संपली. ज्याचे भाषण त्याचेच पद, असा नवा दंडक आला. याचे वाङ्मयीन महत्त्व पुष्कळांनी सांगितले आहे. त्याचा दृश्य परिणाम मात्र असा झाला, की गाणे कडेवरून मध्यावर आले. गाणारा नट आता रंगमंचाच्या पुढल्या भागी, दिव्यांच्या उजेडात, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्यामागे पडदा होता.

या पडद्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, बागेचा पडदा, रस्त्याचा पडदा असा चार-सहा पडद्यांचा संच म्हणजे नाटकमंडळीची स्थावर-जंगम मिळकत. तो गुंडाळून आगगाडीने हुबळीपासून इंदूरपर्यंत नेता येई, आणि मिळेल त्या थिएटरात किंवा तात्पुरत्या मांडवात टांगता येई. पुढे पडदे रंगविण्याची कला पुष्कळच उंचीला पोहोचली. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू या कामात नावाजले होते. बाबूराव पुढे चित्रपटाकडे वळले, हे सर्वश्रुत आहे. या पडद्यांची चित्रणपद्धती पाश्चात्त्य यथार्थदर्शनाची होती. राजवाड्याच्या खांबांची रांग दूर जाताना लहान होत जाते आणि साऱ्या रेषा पलीकडे एका बिंदूत मिळतात, अशी ती रचना. पारशी मंडळ्यांच्या रंगभूमीवरून ती आपल्याकडे आली, आणि मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला तिचे मोठेच अप्रूप वाटले.

परंतु यथार्थदर्शनाला एक अट असते. ते चित्र एका ठरावीक जागेवरूनच खरे दिसते. पुढल्या रांगांतील मधल्या खुर्चीवर बसलेल्या गृहस्थाला राजवाडा दिसे. कडेच्या बाकावरून पाहणाऱ्याला वाकडे खांब दिसत. आणि मागे पिटात, म्हणजे सर्वांत स्वस्त दराच्या जागेत, दाटीवाटीने बसलेल्या प्रेक्षकाला पुढच्या पागोट्यांच्या वरून पडद्याचा वरचा अर्धा भाग दिसे. माडीवर स्त्रियांसाठी वेगळी जागा असे तेथे, त्यांना वरून पात्रांच्या डोक्यावरची फुले आणि पदराची ठेवण नीट दिसत असावी, पण पडद्यावरची क्षितिजरेषा त्यांच्या डोळ्यांच्या बरीच खाली पडे. म्हणजे पडदा हा एका प्रेक्षकासाठी रंगविलेला होता आणि शेकडो प्रेक्षक त्याचे पैसे देत होते.

पद मात्र सर्वांचे होते. माझ्या मते संगीत नाटकाच्या लोकप्रियतेचे एक मोठे आणि दुर्लक्षित कारण येथे आहे. डोळ्याच्या बाबतीत नाट्यगृहात जी विषमता होती ती कानाने पुसून टाकली. पिटातल्या माणसाला शकुंतलेचा चेहरा दिसला नाही तरी तिचा सूर त्याच्यापर्यंत पोहोचत होता, आणि तो पोहोचला पाहिजे ही गायकनटाची पहिली जबाबदारी होती. ध्वनिवर्धकाच्या आधीच्या काळातील मराठी नटाचा वरच्या पट्टीतला, धारदार, लांब फेकलेला स्वर हा निव्वळ आवडीचा विषय नव्हता. तो शेवटच्या रांगेने घडविलेला स्वर होता. केशवराव भोसल्यांच्या गाण्याचा आवेश अनेकांनी वर्णिला आहे. त्या आवेशाची एक बाजू प्रेक्षागृहाच्या लांबीत शोधावी लागते. आणि 'वन्स मोअर'ची आरोळी! तिच्यामुळे नाटके पहाटेपर्यंत लांबली, कथानकाचा ओघ तुटला, अशी तक्रार टीकाकारांनी वारंवार केली, आणि ती खोटी नाही. पण आपल्या जागेवरून ज्याला अर्धेच दृश्य दिसते त्याने जे पूर्णपणे मिळते आहे ते पुन्हा मागावे, यात अरसिकता कोणती?

प्रेक्षागृहातील उजेडाचीही येथे दखल घेतली पाहिजे. घासलेटचे दिवे, झुंबरे, पुढे किटसनच्या बत्त्या अशा प्रकाशात नाटक चाले, तेव्हा प्रेक्षकांची बाजू आजच्यासारखी काळोखात बुडवता येत नसे. नटाला प्रेक्षक दिसत होता. प्रेक्षकाला शेजारी दिसत होता. तान समेवर आली की मान डोलावणारा शेजारी दिसणे हा मैफलीचा गुण आहे. म्हणून रंगवलेला पडदा, उजळ प्रेक्षागृह आणि समोर पाहून गाणारा नट या तिन्ही गोष्टी एकाच कराराची कलमे होत्या असे म्हणावे लागते. पडदा सांगे, 'हा राजवाडा आहे असे समजा.' प्रेक्षक म्हणे, 'समजलो.' एकदा इतके समजून घेतल्यावर रुक्मिणीने कृष्णाकडे पाठ करून आम्हांकडे तोंड केले आणि दहा मिनिटे आळवणी केली, तरी कोणाच्याही प्रतीतीला तडा जात नसे.

नाटककारांनाही हा करार पुरता उमगलेला होता. जुन्या संगीत नाटकांतील प्रवेशांचा क्रम तपासला तर एक उथळ आणि एक खोल प्रवेश आलटून पालटून येतात असे वारंवार आढळते. पुढच्या रस्त्याच्या पडद्यावर दोन विनोदी पात्रे बोलत असतात, आणि त्याच वेळी त्यांच्या मागे दरबार किंवा बाग मांडली जात असते. पुस्तकात वाचताना हे विनोदी प्रवेश उपरे वाटतात आणि आमचे प्राध्यापक त्यांवर 'कथानकाशी असंबद्ध' असा शेरा मारून मोकळे होतात. मंचामागे खुर्च्या-लोड हलविण्याचा जो आवाज होई तो या हंशाखाली झाकला जाई, ही गोष्ट संहितेत छापलेली नसते.

गंधर्व नाटक मंडळी 1913 साली निघाली आणि दृश्य बाजूला नवे वैभव आले. खरे गालिचे, भरजरी वस्त्रे, प्रेक्षागृहात दरवळणारे अत्तर यांच्या आठवणी विपुल आहेत. येथे मला दोन गोष्टी वेगळ्या काढाव्याशा वाटतात. पहिली वादकांच्या जागेची. ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पुढ्यात, प्रेक्षकांच्या निकट आले. कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला यांसारखी साथ या मंडळीला लाभली. तेव्हा पुढच्या खुर्च्यांवरील रसिक एकाच वेळी नाटकाला आणि मैफलीला बसलेला असे. भरताने नटांच्या मागे बसविलेले वादक आता नट आणि प्रेक्षक यांच्या मध्ये बसले. या स्थानांतराने गायनाचा पल्ला वाढला. साथीदार डोळ्यांसमोर असल्यामुळे बालगंधर्वांना पद फुलविण्याची मोकळीक मिळाली, आणि त्या फुलविण्याचे साक्षीदार होण्यासाठी पुढल्या खुर्चीची किंमत चढत गेली. टिळक स्वराज्य फंडासाठी 8 जुलै 1921 रोजी मुंबईस 'संयुक्त मानापमान' झाले, त्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर होते. त्या खेळाचे दर नेहमीच्या मानाने अवाच्या सवा असूनही नाट्यगृह भरले. लोक गालिचे पाहायला गेले नव्हते.

दुसरी गोष्ट 'द्रौपदी'ची. खाडिलकरांच्या या 1920 च्या नाटकासाठी मयसभेचे दृश्य उभारण्यात मंडळीने अफाट खर्च केला, आणि मंडळीच्या कर्जाच्या कहाणीत त्या खर्चाचा उल्लेख हटकून येतो. मयसभा हा विषयच मोठा सूचक आहे : जेथे जमीन तेथे पाणी भासते आणि पाणी तेथे जमीन. परंतु रंगमंचावर आभास प्रत्यक्ष उभारून दाखविला की तो पाहून संपतो. पहिल्या दर्शनाचे नवल ओसरल्यावर प्रेक्षक पुन्हा पदाकडेच वळणार होता. उलट 'एकच प्याला'त फाटक्या लुगड्यातील सिंधूने दळताना म्हटलेल्या पदांना कोणत्याही मयसभेची गरज भासली नाही. वैभवाच्या शिखरावर असलेल्या मंडळीला दारिद्र्याचा देखावा अधिक साधला, हा योगायोग मला वाटत नाही. तेथे डोळ्याला फारसे काम नव्हते.

यानंतर जो बदल आला तो वरकरणी केवळ सुताराच्या कामाचा. मामा वरेरकरांच्या सामाजिक नाटकांसाठी ललितकलादर्श मंडळीत बापूराव पेंढारकर आणि रंगकर्मी पु. श्री. काळे यांनी अधिक वास्तव अशी दृश्ये उभी केली. 1 जुलै 1933 रोजी नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे ब्यर्न्सनच्या नाटकावर आधारलेले नाटक केले, तेव्हा तीन भिंतींची खोली, दारे-खिडक्या, नेमकी बैठकीची मांडणी असा दृश्यबंध, मोजकी पदे आणि स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया हे सारे एकत्र आले. वीज आली होती, प्रेक्षागृह काळोखात गेले. चौथी भिंत काढून आपण कोणाच्या तरी घरात चोरून पाहत आहोत, असा नवा करार प्रेक्षकाशी झाला.

या कराराचे पदाशी वैर आहे. खोली खरी आहे असे एकदा सांगितले की तिच्यात बसलेली स्त्री अकस्मात गाऊ लागते याला कारण द्यावे लागते. आणि कारण देऊ लागले की गाणे कथानकाचे देणेकरी होते. बोलपटाने संगीत नाटक मारले असे म्हणण्याची रूढी आहे. आर्थिक दृष्ट्या ते बव्हंशी खरेही आहे : बोलपट 1930 नंतरच्या दशकात फोफावला आणि मंडळ्या मोडल्या. तथापि कला म्हणून संगीत नाटकाची कोंडी त्याच्या घरातच, त्या तीन भिंतींमध्ये झाली होती. मो. ग. रांगणेकरांच्या 1942 सालच्या 'कुलवधू'ने तिच्यातून एक वाट काढली. मध्यमवर्गीय दिवाणखाना कायम ठेवून त्यांनी नायिकेलाच कलावंत केले. ज्योत्स्ना भोळे यांचे गाणे दिवाणखान्यात शोभले, कारण ते दिवाणखान्यातल्यासारखेच होते : आटोपशीर, भावगीताच्या अंगाचे. पिटाच्या टोकापर्यंत फेकलेला स्वर आता उरला नाही. जागा बदलली, तसा आवाजही बदलला.

दुसरी वाट 'कट्यार काळजात घुसली'ने दाखविली. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक 1967 च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. येथे राजगायकाला मिळणारी हवेली हीच कथानकाची पैज आहे. पंडितजी जातात, खाँसाहेब येतात, वास्तू तीच राहते. त्यामुळे नेपथ्य ही पार्श्वभूमी न राहता तेच वादाचे कारण ठरते. त्या हवेलीत गाण्यासाठीच माणसे बसतात, म्हणून तेथे कोणी गायला लागले तर निमित्त शोधावे लागत नाही. शिवाय गुरूसमोर शिष्य, प्रतिस्पर्ध्यासमोर प्रतिस्पर्धी अशी रंगमंचावरील बैठक खाली बसलेल्या प्रेक्षकांच्या बैठकीला येऊन जुळते. चौथी भिंत न मोडता दारव्हेकरांनी तिला मैफलीचा दरवाजा केला. या युक्तीची मर्यादाही उघड आहे : प्रत्येक संगीत नाटक गवयांविषयी असू शकत नाही.

तिसरी वाट मुळातूनच निराळी होती. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' झाले. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. त्यात पडदा आहे, पण तो माणसांचा. ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण गातात, डोलतात, पाठ फिरवितात. ओळ जुळली की पलीकडचे दिसेनासे होते आणि फुटली की दिसते. किर्लोस्करांच्या जंगलाच्या पडद्याने जे काम केले ते येथे एका गाणाऱ्या समूहाने केले, आणि आणखीही एक केले : पडदा येथे दोषी आहे. जे घडते आहे ते तो झाकतो. हे नाटक राजकीय अर्थाने खूप वाचले गेले, पण त्याच्या यशात बैठकीचाही वाटा आहे. ही भिंत कोणत्याही कोनातून भिंतच दिसते. कडेच्या खुर्चीवर बसलेल्याला वाकडे खांब दिसत नाहीत. यथार्थदर्शनाने एका प्रेक्षकाला जे दिले होते ते येथे सर्वांना मिळाले; म्हणून युरोपातील अपरिचित नाट्यगृहांतही या नाटकाला नेपथ्याची अडचण पडली नसावी.

गोव्याचा येथे निदान उल्लेख व्हावा. देवळाच्या जत्रेत, मंडपात किंवा प्रांगणात होणारी संगीत नाटके तेथे खंडित झाली नाहीत. तेथील प्रेक्षक नाटकाला उत्सवाचा एक भाग म्हणून बसतो. तो उठतो, येतो, ओळखीच्या पदाला परत जागेवर येतो. काळोखातल्या रांगेची शिस्त त्याने स्वीकारली नाही, आणि पदाने त्याची साथ सोडली नाही.

आज जुन्या संगीत नाटकांचे प्रयोग पुन्हा होतात, हे आनंदाचे आहे. परंतु त्यांच्या मांडणीत एक घोटाळा मला वारंवार दिसतो. 'सौभद्र' किंवा 'मानापमान' कापून अडीच तासांत बसविले जाते, मागे लाकडी खांबांचा भक्कम महाल उभा केला जातो, प्रेक्षागृहात पूर्ण काळोख केला जातो, वादक विंगेत दडविले जातात आणि नटाच्या कपाळाशी ध्वनिग्राहक चिकटविलेला असतो. म्हणजे 1882 च्या नाटकाशी 1933 चा करार जोडला जातो. मग भरीव खांबांमधून अर्जुन प्रेक्षकांकडे वळून गाऊ लागला की तरुण प्रेक्षकाला हसू येते, आणि आपण म्हणतो की संगीत नाटक जुने झाले. ध्वनिवर्धकाने तर एक विचित्र गोष्ट केली आहे : स्वर नटाच्या मुखातून न येता भिंतीवरील पेटीतून येतो, आणि मागल्या रांगेपर्यंत पोहोचण्याचा जो पराक्रम पूर्वी डोळ्यांदेखत घडत असे तो घडतच नाही. अलीकडे प्राजक्त देशमुखांच्या 'संगीत देवबाभळी'ने (2017) दोनच स्त्रीपात्रांवर, आवली आणि लखुबाई यांच्यावर, सारा भार टाकून संगीत नाटकाला मोठा प्रेक्षक परत मिळवून दिला. तेथे अभंगाच्या परंपरेमुळे गाण्याला निमित्त शोधावे लागत नाही. ओवी-अभंग म्हणत घरकाम करणारी बाई मराठी माणसाला कोणत्याही दृश्यबंधात खरीच वाटते.

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पॅलेस थिएटर म्हणून बांधविलेली ही वास्तू ध्वनिवर्धकाशिवायच्या आवाजासाठी बांधलेली होती. ती पुन्हा उभारताना छताची कारागिरी, रंग आणि दर्शनी भाग यांची चर्चा स्वाभाविकपणे झाली. शेवटच्या रांगेत बसून उघड्या गळ्याचे पद कसे ऐकू येते, याची चाचणी वाद्यांची जागा पुढ्यात ठेवून, प्रेक्षागृहातील दिवे अर्धे लावून आणि मागे एक साधा रंगविलेला पडदा सोडून घेण्यासारखी आहे. ती खुर्च्या पक्क्या बसविण्यापूर्वी घेतलेली बरी. रांगांचा उतार एकदा ठरला की मग नाटककाराला आणि गायकाला त्याच्याशी जमवून घ्यावे लागते.